लक्ष्य आधी ताणलं, मुदत नंतर : पहिल्या प्रियसचं प्रकरण

पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर दोन्ही वापरणाऱ्या, म्हणजे हायब्रिड, टोयोटा प्रियसची गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गात हमखास सांगितली जाते, आणि बहुतेक वेळा शौर्यकथा म्हणूनच. वरिष्ठांनी अशक्य मुदत दिली, इंजिनिअर रात्रंदिवस राबले, गाडी वेळेत आली, टाळ्या. हे सगळं खरंच घडलं. पण नवी गाडी विकसित करणाऱ्या माणसाच्या हाती त्यातून फारसं लागत नाही. मुदत आवळली की माणसं जास्त राबतात, हे कळायला केस स्टडी कशाला हवी? मला या प्रकरणात रस आहे तो क्रमासाठी. कोणता दबाव कधी आणला, कोणता मुद्दाम सैल सोडला आणि त्याची किंमत कुठे मोजली, हे इथे बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं.

नेहमीची वाट

नव्या गाडीचा प्रवास सगळ्या कंपन्यांत साधारण सारखाच असतो. आधी कन्सेप्ट ठरतो: गाडी कोणासाठी, केवढी आणि कितीला. मग पॅकेजिंग, म्हणजे इंजिन कुठे बसेल, माणसं कशी बसतील, डिकीत किती मावेल. स्टायलिंगवाले स्केचेस काढतात, क्ले मॉडेल घडवतात, आणि एके दिवशी वरिष्ठ मंडळी येऊन त्यावर शिक्कामोर्तब करतात. हा डिझाइन फ्रीझ. त्यानंतर पत्र्याच्या भागांच्या डाय, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारे साचे, कापायला जातात. एकदा डाय कापली की बॉनेटची रेघ दोन मिलिमीटर सरकवायची म्हटली तरी पैसे आणि आठवडे जातात. पुढे प्रोटोटाइप, चाचण्या, क्रॅश टेस्ट, पायलट लॉट म्हणजे गाड्यांची पहिली छोटी तुकडी, आणि मग नियमित उत्पादन. १९८० च्या दशकात या सगळ्याला जपानी कंपन्यांना पावणेचार-चार वर्षं लागत, अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना पाचच्या आसपास.

या प्रवासात तीन दोऱ्या सतत ताणलेल्या असतात: गाडी काय करू शकते, कधी येणार आणि कितीला पडणार. तिसरीबाबत टोयोटा पूर्वीपासून कडक. विक्रीची किंमत बाजार ठरवतो, तीतून नफा वजा करायचा, उरला तो खर्च. तो इंजिन, बॉडी, सीट, वायरिंग असा प्रत्येक भागावर वाटून द्यायचा आणि कोणी त्याच्या वर गेलं की ड्रॉइंग परत पाठवायचं. टार्गेट कॉस्ट म्हणतात ती हीच.

हे सगळं एकत्र बांधणारा माणूस म्हणजे चीफ इंजिनिअर. टोयोटात ही प्रथा १९५० च्या दशकात क्राउन गाडीपासून रुजली. गाडी त्याची, पण माणसं त्याची नाहीत. बॉडीवाले बॉडी विभागाचे, इंजिनवाले इंजिन विभागाचे, त्यांची बढती-बदली त्यांच्या साहेबांच्या हातात. चीफ इंजिनिअरने स्वतःच्या ज्ञानाच्या आणि शब्दाच्या वजनावर कामं करून घ्यायची. कंपनी छोटी होती तोवर हे चाललं. १९९१ च्या सुमारास मात्र एका चीफ इंजिनिअरला जवळपास पन्नास खात्यांशी समन्वय ठेवावा लागत होता. दिवसाचे तास तेवढेच. मग १९९२ मध्ये टोयोटाने विकास विभागाची फेररचना केली आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या, ट्रक-व्हॅन आणि सामायिक सुटे भाग अशी वेगळी केंद्रं केली.

या फेररचनेत ज्यांचा हात होता त्यांतले एक ताकेशी उचियामादा. मूळचे चाचणी विभागातले, आवाज आणि कंपनं कमी करण्याच्या कामात मुरलेले. वडील क्राउनच्या एका पिढीचे चीफ इंजिनिअर होते, पण स्वतः उचियामादांनी एकही गाडी शेवटापर्यंत नेली नव्हती. १९९४ च्या सुरुवातीला प्रकल्प त्यांच्याकडे आला.

प्रश्न मोठा, उत्तर मोकळं

प्रकल्पाचं नाव जी२१. सुरुवात सप्टेंबर १९९३ मध्ये झाली. जपानचा आर्थिक फुगा फुटला होता, गाड्या अजून खपत होत्या, पण संस्थापक घराण्यातल्या एइजी टोयोडांसारख्या जुन्या जाणत्यांना प्रश्न पडला होता की एकविसाव्या शतकात अशाच गाड्या बनवून चालेल का. संशोधन विभागाला मिळालेलं काम म्हणजे हा प्रश्नच होता: पुढच्या शतकाची गाडी कशी असेल? बाहेरून छोटी, आतून ऐसपैस, इंधनाला काटकसरी, एवढीच रूपरेषा. हायब्रिड हा शब्द त्यात नव्हता.

पहिल्या गटाने इंधनाचं लक्ष्य ठरवलं: त्या वेळच्या तशाच गाडीच्या दीडपट, म्हणजे लिटरला सुमारे वीस किलोमीटर. हे गाठण्याजोगं होतं. इंजिन सुधारा, गिअरबॉक्स सुधारा, वजन उतरवा, झालं. नेमकी हीच अडचण होती. जे लक्ष्य हातातल्या साधनांनी गाठता येतं ते नवी वाट शोधायला भाग पाडत नाही. १९९४ च्या अखेरीस तांत्रिक बाजू सांभाळणारे उपाध्यक्ष अकिहिरो वादा यांनी दीडपटीवर समाधान मानायला नकार दिला. दुप्पट हवं, नाहीतर प्रकल्प पुढे जाणार नाही, असा त्यांचा एकूण सूर होता. दुप्पट म्हटल्यावर नुसतं इंजिन सुधारून भागणार नव्हतं. हायब्रिडचा विचार आला तो या कात्रीतून.

वादांच्या या नकाराला मी प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय मानतो. त्यांनी उपाय सांगितला नाही. फक्त आकडा असा बदलला की सोप्या वाटा आपोआप बंद व्हाव्यात. अनेक कंपन्यांत याच्या उलट चालतं: वरिष्ठ कुठल्यातरी प्रदर्शनात काहीतरी पाहून येतात, 'आपल्यातही हे घाला' म्हणतात आणि लक्ष्य मात्र जुनंच राहतं.

ऐंशीतून एक

१९९५ च्या सुरुवातीला हायब्रिड यंत्रणेसाठी वेगळा गट नेमला गेला. पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर जोडायच्या पद्धती अनेक. इंजिन फक्त वीज तयार करील आणि चाकं मोटर फिरवील, ही एक. दोघंही चाकं फिरवतील, ही दुसरी. इंजिन प्रमुख आणि मोटर मदतनीस, ही तिसरी. त्यांचे पोटप्रकार धरून गटाने सुमारे ऐंशी रचना कागदावर मांडल्या.

इथे नेहमीचा मोह असा असतो की अनुभवी माणसाला जी बरी वाटेल ती निवडायची, तिचा प्रोटोटाइप बांधायचा आणि अडलं की दुरुस्त करत जायचं. कंपनीने तसं केलं नाही. रचनांचं संगणकावर सिम्युलेशन केलं आणि आकड्यांच्या आधारे यादी टप्प्याटप्प्याने छाटत नेली, ती शेवटी मोजक्या चारांवर आली. छाटणी स्वस्त असते तेव्हाच जास्तीत जास्त छाटायचं, धातू कापायला घेतल्यावर नाही. मुदतीचा धाक इथे घातला असता तर बहुधा सर्वांत ओळखीची रचना निवडली गेली असती.

जून १९९५ मध्ये निवड पक्की झाली. निवडलेली रचना बाहेरून साधी दिसते. मधोमध एक प्लॅनेटरी गिअर: मध्यभागी लहान चक्र, भोवती फिरणारी काही चक्रं, त्यांना धरून ठेवणारी चौकट आणि बाहेर दातेरी कडं. इंजिन चौकटीला जोडलेलं, जनरेटर मधल्या चक्राला, मोटर आणि चाकं बाहेरच्या कड्याला. इंजिनची ताकद इथे दोन वाटांनी विभागते, थोडी सरळ चाकांकडे, थोडी वीज होऊन. जनरेटर किती वेगाने फिरतो यावर इंजिनचा वेग ठरवता येतो, म्हणून नेहमीचा गिअरबॉक्स लागत नाही. स्टार्टर मोटर वेगळी नाही, जनरेटरच इंजिन फिरवून सुरू करतो. रिव्हर्स गिअरही नाही, मोटर उलटी फिरवली की गाडी मागे जाते.

यंत्राचे भाग कमी झाले, पण सगळा भार संगणकाच्या आज्ञावलीवर आला. पुढच्या संकटाचं मूळ इथेच आहे.

मग मुदत

ऑगस्ट १९९५ मध्ये हिरोशी ओकुदा टोयोटाचे अध्यक्ष झाले. गाडी १९९८ च्या अखेरीस आणायचा विचार चालला होता. ओकुदांनी ती एक वर्ष अलीकडे ओढली, डिसेंबर १९९७. त्या महिन्यात क्योटोत हवामान परिषद भरणार होती हे पुढे सोयीचं ठरलं.

तारखांचा क्रम पाहण्यासारखा आहे. रचना जूनमध्ये ठरली, मुदत त्यानंतर आवळली गेली. शोध चालू होता तेव्हा दबाव लक्ष्याचा होता, शोध संपल्यावर दबाव वेळेचा आला. दोन्ही दबाव एकदम आणले असते तर लोकांनी लक्ष्यात तरी पाणी घातलं असतं, नाहीतर अर्धवट रचना घेऊन पळ काढला असता. हे सगळं कुणी आधी आराखडा आखून केलं असं मी म्हणणार नाही. ओकुदांची नेमणूक काही प्रियससाठी झाली नव्हती. पण घडलं ते असं, आणि परिणाम चांगला झाला.

१९९५ च्या शेवटी पहिला प्रोटोटाइप तयार झाला आणि जागचा हललाच नाही, एकोणपन्नास दिवस. उचियामादांनी हा आकडा पुढे अनेकदा सांगितला आहे.

नेहमीच्या प्रकल्पात असं सहसा होत नाही. नव्या गाडीत जुनं, ओळखीचं इंजिन बसवून सस्पेन्शन तपासता येतं. ब्रेक अर्धवट असले तरी एसीची चाचणी घेता येते. एक भाग रखडला तरी बाकीचे पुढे सरकतात, आणि त्याच भरवशावर वेळापत्रक आखलेलं असतं. प्रियसमध्ये ती सोय नव्हती. जनरेटर नीट चालला नाही तर इंजिन सुरू होणार नाही. बॅटरीची माहिती चुकीची आली तर संगणक जनरेटरला आज्ञा देणार नाही. संगणकाला कुठे शंका आली की तो सगळंच बंद करून टाकणार. आणि गाडी हलत नाही याचं कारण तारेत आहे, सर्किटमध्ये आहे की आज्ञावलीतल्या एखाद्या ओळीत, हे बाहेरून ओळखायला काही मार्ग नाही. कोणत्या विभागाने रात्री जागायचं हेसुद्धा ठरवता येत नाही. शेवटी गाडी हलली तेव्हा ती सुमारे पाचशे मीटर गेली आणि थांबली.

बाजारात यायला दोन वर्षं उरली होती.

मोठी खोली

ज्याची टोयोटाबाहेर सर्वांत जास्त नक्कल झाली ती गोष्ट याच प्रकल्पातली. जुन्या पद्धतीचा चीफ इंजिनिअर खात्याखात्यांत फिरे, प्रत्येकाशी वेगळं बोले आणि सगळा हिशेब डोक्यात ठेवी. उचियामादांनी गाडीच बनवली नव्हती, तेव्हा असा हिशेब त्यांच्या डोक्यात असणं शक्य नव्हतं. त्यांनी एक मोठी खोली घेतली, ओबेया. तिथे सगळ्या विभागांचे जबाबदार लोक ठरावीक काळाने नियमित जमत. वेळापत्रक, अडलेली कामं, खर्चाचे तक्ते भिंतीवर. ड्रॉइंग पाहायला संगणक तिथेच.

हल्ली कुठल्याही कारखान्यात गेलं तर एक भिंत रंगीत चिठ्ठ्यांनी मढवलेली दिसते आणि तिला ओबेया म्हणतात. बऱ्याच ठिकाणी ती पाहुण्यांना दाखवायची वस्तू झाली आहे. भिंत हा या पद्धतीतला गौण भाग. खोलीत बसलेल्या माणसाला आपल्या विभागाच्या वतीने तिथल्या तिथे 'हो' म्हणता येत होतं, हे खरं महत्त्वाचं. मोटरला वीज पुरवणारा इन्व्हर्टर तापतोय म्हटल्यावर कुलिंगवाला समोर, आणि त्या पाइपसाठी जागा कुठून काढायची हे सांगणारा बॉडीवाला त्याच्या शेजारी. 'साहेबांना विचारून सांगतो' म्हणणारी माणसं खोलीत भरली तर ती खोली म्हणजे आणखी एक मीटिंग.

दुसराही एक भाग नकलेत सुटतो. ही खोली उचियामादांच्या उणिवेतून आली होती. ज्याला सगळं येतं असा चीफ इंजिनिअर असता तर कदाचित ती निघालीच नसती.

बॅटरी

स्टायलिंगचं पटकन सांगून टाकतो. कंपनीच्या निरनिराळ्या डिझाइन स्टुडिओंत स्पर्धा झाली, कॅलिफोर्नियातल्या कॅल्टी स्टुडिओचं डिझाइन निवडलं गेलं. १९९६ च्या उत्तरार्धात ते फ्रीझ झालं आणि तिथून साधारण सव्वा वर्षात गाडी बाजारात आली. चार दारांची, पाच माणसांची, थोडी उंच सेदान. दिसायला फार काही नाही.

खरी झुंज बॅटरीशी होती. निकेल मेटल हायड्राइडच्या २४० सेल एकामागोमाग एक जोडून २८८ व्होल्ट. अशा साखळीत एक सेल कमजोर पडली की सगळी साखळी तिच्या पायरीवर उतरते. म्हणजे चांगली सेल बनवता येणं पुरेसं नाही, सगळ्या सेल एकसारख्या बनवता आल्या पाहिजेत, आणि त्याही महिन्याला लाखांच्या संख्येने. उन्हात बॅटरी तापे, थंडीत ताकद देत नसे. डिकी आणि मागची सीट यांच्यामध्ये तिला जागा द्यायची आणि तिथे थंड हवाही पोचवायची.

टोयोटाने इथे घेतलेला निर्णय खर्चाच्या दृष्टीने वेडेपणाचा वाटावा असा होता. बॅटरी बाहेरून विकत घेण्याऐवजी मात्सुशिता या कंपनीबरोबर (आजची पॅनासोनिक) डिसेंबर १९९६ मध्ये संयुक्त कंपनी काढली. इन्व्हर्टरमधले सेमीकंडक्टर स्वतःच्या हिरोसे कारखान्यात बनवले. वाहन कंपनीने सेमीकंडक्टर कशाला बनवायचे, असा प्रश्न तेव्हा कोणीही विचारला असता. पण चाचणीत एखादा सेमीकंडक्टर जळाला, तर बाहेरचा पुरवठादार जळालेला तुकडा मागवून घेतो, अहवाल पाठवतो, पुढच्या आवृत्तीत बघू म्हणतो. घरात बनत असेल तर ज्याने तो बनवला तोच दुसऱ्या दिवशी गाडीपाशी उभा करता येतो. वर्षभरात संपवायच्या कामात हा फरक फार मोठा.

तरीही सगळं सुटलं नाही. पहिल्या प्रियसच्या डॅशबोर्डवर कासवाचं एक छोटं चित्र होतं. बॅटरी फार उतरली आणि मोटरची मदत कमी झाली की ते पेटे, म्हणजे आता गाडी जोरात पळणार नाही. लांब चढावर जोर लावून चालवली की ते दिसण्याची शक्यता जास्त. मला हे कासव फार प्रामाणिक वाटतं. न सुटलेली त्रुटी लपवण्यापेक्षा तिला एक दिवा दिला आणि गाडी ठरल्या तारखेला सोडली. वर्षभर थांबून ती दूर करता आली असती का? बहुधा बरीचशी आली असती, कारण पुढे आलीच. पण मुदत ही आता हलणारी गोष्ट राहिली नव्हती.

सैल सोडलेली दोरी

१० डिसेंबर १९९७ ला गाडी जपानमध्ये विक्रीला आली. दीड लिटरचं ५८ अश्वशक्तीचं इंजिन, ३० किलोवॉटची मोटर, जपानी चाचणीत लिटरला २८ किलोमीटर. दुप्पटीचं लक्ष्य गाठलं होतं. किंमत २१ लाख ५० हजार येन.

या किमतीत गाडी परवडत नाही, प्रत्येक गाडीमागे कंपनी पदरचे पैसे घालते, असं त्या वेळी उद्योगात सर्रास बोललं जाई. नेमका तोटा किती याच्या खोलात न जाताही एक गोष्ट उघड आहे: जी कंपनी एका स्क्रूच्या किमतीवर वाद घालते, तिने या प्रकल्पात टार्गेट कॉस्टची दोरी ढिली सोडली. लक्ष्य ताणलं, वेळ ताणला, खर्चाला वाट मोकळी ठेवली. तिन्ही एकदम ताणल्या असत्या तर कुठली तरी तुटलीच असती, आणि प्रकल्पांत तुटते ती सहसा गुणवत्तेची, कारण ती लगेच दिसत नाही.

ही चैन सगळ्यांना परवडत नाही, हेही म्हटलं पाहिजे. महिन्याला हजार गाड्यांचा अंदाज धरला होता. मागणी त्याच्या पुढे गेली आणि उत्पादन दुप्पट करावं लागलं, तरी टोयोटाच्या एकूण पसाऱ्यात हा आकडा किरकोळच. कोरोलासारख्या गाडीत खर्चाची दोरी अशी सोडली असती तर कंपनीचा ताळेबंद हलला असता. कमी संख्या हे इथलं विम्याचं कवच होतं.

होंडाने त्याच काळात वेगळा हिशेब केला. त्यांची रचना खूपच साधी: इंजिन प्रमुख, मधे एक पातळ मोटर, मदतीपुरती. दोनच माणसं बसतील अशी हलकी इनसाइट त्यांनी १९९९ मध्ये काढली आणि अमेरिकेत ती प्रियसच्या आधी पोचली. विकासाचा वेळ, खर्च आणि धोका या तिन्ही बाबतीत होंडाचा मार्ग शहाणपणाचा होता. अमेरिकी बाजारात पहिला नंबरही त्यांचाच. पण एकट्या मदतनीस मोटरवर गाडी फारशी चालत नाही. शहरातल्या रांगेत इंजिन बंद ठेवून पुढे सरकण्याचा जो फायदा प्रियसला मिळे, तो त्या रचनेत जवळपास नव्हता. रचना निवडतानाच पुढच्या पिढ्यांना किती वाव राहील हे ठरून जातं. मला विचाराल तर १९९५ मधल्या त्या ऐंशींच्या यादीचं खरं मोल इथे वसूल झालं.

खर्चाची दोरी टोयोटाने पुढे आवळली, पण ती पिढीगणिक. २००० मध्ये अमेरिकेसाठी गाडी सुधारताना बॅटरीचा आकारच बदलला. सेल २४० वरून २२८ वर आल्या आणि ताकद वाढली. २००३ च्या दुसऱ्या पिढीत सेल १६८ झाल्या. कमी सेल म्हणजे कमी व्होल्ट, मग ते ५०० पर्यंत चढवणारा कन्व्हर्टर मधे घातला आणि मोटर ५० किलोवॉटची केली. गाडी मोठी झाली, जोरदार झाली, अमेरिकेतली सुरुवातीची किंमत वीस हजार डॉलरच्या आसपासच राहिली. पहिल्या पिढीच्या सव्वा लाखाच्या आसपास गाड्या खपल्या होत्या. २००८ मध्ये एकूण प्रियसची संख्या दहा लाखांवर गेली. दरम्यान २००२ मध्ये निसाननेही स्वतःच्या गाडीसाठी हायब्रिड यंत्रणा टोयोटाकडून घ्यायचा करार केला होता.